शेऱ्याचा रकाना

लवू कोयंडे, वय एकाहत्तर.
दर मंगळवारी उपकेंद्राच्या पायरीवर
कुलपाआधी हजर.
एकशे बत्तीस, चौऱ्यांशी.
आकडे मी लिहिते. शेऱ्याचा रकाना कोरा.

"छातीत धोंडो ठेवल्यासारखो वाटता, सिस्टर.
रात्री तर उठून बसतंय."
ओरोसला जाऊन पट्टी काढून आणली.
डॉक्टरांनी ती खिडकीशी धरली, म्हणाले,
काहीच नाही.
काहीच नाही,
हेच तर तो सांगत होता.

मी जतची. पाणी टँकरने येतं हे शिकत वाढले,
रापण म्हणजे काय ते इथे येऊन कळलं:
अर्धा गाव एका दोराला,
अर्धा दुसऱ्या,
मध्ये अख्खा समुद्र हळूहळू वाळूवर येतो
आणि दोराला ज्याचा हात, त्याला वाटा.
मोजदाद एवढीच.

लवूचा थोरला पर्ससीनच्या बोटीवर लागला,
आणि वाडीने लवूशी
भांडण काढलं नाही.
भांडली असती तर बरं.
चहाच्या टपरीवर बाकडं तसंच होतं,
फक्त तो बसला की लोकांना कामं आठवायची.
पहाटे रापणीची हाक सगळ्या दारांवरून यायची,
त्याच्या दारापाशी
श्वास घेऊन पुढे जायची.
तीन वर्षं.

या तीन वर्षांत डॉक्टरांनी गोळी बदलली दोनदा.
मी मीठ कमी करायला सांगितलं.
मीठ! ज्याच्या कुंपणावर
खारा वारा वाळत घातलेला असतो.
तो हो म्हणाला. मनगट पुढे केलं.
नाडी बघायला अर्धा मिनिट पुरतो,
मी पूर्ण मिनिट धरायचे,
का ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी
जाळं जड आलं. पोरं सगळी
पर्यटकांना पॅराशूटने उडवायला गेलेली,
दोरावर म्हातारे आणि बायका.
दोर उलटा सरकू लागला तेव्हा
नमू धुरी ओरडली, मागे न बघता,
"लवू, बघतस काय मेल्या, हात लाव!"

माफी वगैरे काही नव्हतं त्यात.
माणूस कमी पडत होता, इतकंच.
चप्पल सोडून तो धावला.
मी त्याला थांबवायला हवं होतं,
वय, गोळी, भरल्या पोटी वजन ओढणं.
मी पर्स वाळूत टाकली
आणि त्याच्या मागे दोर धरला.
त्याच्या मानेवरचा घाम बघत
आम्ही एक पाऊल, एक पाऊल मागे.

अकरा बांगडे आले त्याच्या वाट्याला.
मला चार. मी नको म्हटलं तर नमू म्हणाली,
"दोराक हात लागलो, मगे वाटो इलोच."

पुढच्या मंगळवारी पायरी रिकामी.
दहा वाजले. साडेदहा.
मी पट्टा, पंप पिशवीत कोंबून धावले.
दार उघडं, लवू चटईवर,
तोंड उघडं, पाय पसरलेले.
आणि घोरत होता,
भर उन्हात, एखाद्या पोरासारखा.
तरी मी श्वास मोजले. सोळा.

नंतरच्या मंगळवारी आला:
एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
वाढलेच होते उलट.
"आणि धोंडो?"
"आसा. पण आता धाकटो झालो."
मग माझ्याकडे बघत राहिला.
"तुझा कोण मोजता गो?"

क्वार्टरच्या पत्र्यावर काजूची पानं पडत होती.
आईला फोन लावायचा तर टाकीवर चढावं लागतं,
जेवताना समोर मोबाईल उभा करते,
कुणीतरी बोलत असावं म्हणून,
हे त्याला कुणी सांगितलं?

पट्टा त्याने बांधला, उलटा.
फुगा दाबला, जाळं ओढावं तसा.
काटा कुठच्या कुठे जाऊन आला.
"बरा आसा," त्याने निकाल दिला.

आकडा अर्थातच चुकीचा होता.
मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर
स्वतःचं नाव घालून तो लिहिला,
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
मोजणारा, लवू कोयंडे.